बिजागरीची नोंद

माझ्या मुलीने नवा लॅपटॉप घ्यायचं ठरवलं आणि सल्ला विचारला तो तिच्या मामाला.

मी बावीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय. आमच्या भागातली निम्मी यंत्रं कधी ना कधी माझ्या टेबलावर उताणी पडून गेली आहेत. काय बिघडलं, का बिघडलं, मी काय केलं, हे सगळं मी वहीत लिहून ठेवतो. अशा सतरा वह्या झाल्या. कोण कुठले लोक दुकानात शिरतात, मोबाइलवर फोटो दाखवतात, "हा घेऊ का?" विचारतात आणि मी नाही म्हटलं की मुकाट्याने परत जातात. आणि मामा काय करतो? विमा कंपनीच्या ऑफिसात दिवसभर तक्ते भरतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक कुठलं हे त्याला सांगावं लागेल. घरात मी त्याला सल्लागार म्हणतो. त्याच्या तोंडावर नाही, बायकोसमोर. तिला ते मुळीच आवडत नाही.

मला राग आला, असं मी तेव्हा बायकोला सांगितलं. खरं म्हणजे हेवा वाटला. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मुलगी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते आणि उरलेल्या वेळात गेम खेळते. आता खेळते म्हणजे वेळ घालवते असं नाही, हे समजायला मलाही दोन वर्षं लागली. पाच जणांचा संघ असतो, कप्तान असतो, स्पर्धा असतात. पाचव्या जागेवर तिला घेतलं होतं, पण कच्च्या लिंबासारखं. दर रविवारी दीड तास बसने सरावाला जायचं आणि लॅपटॉप आपला न्यायचा. तिच्याकडचा लॅपटॉप मीच जोडून दिलेला, तीन मेलेल्या यंत्रांचे अवयव काढून. चार किलो वजन, चार्जर वेगळा. ती त्याला ठोकळा म्हणायची. एकदा सामना ऐन रंगात आला असताना ठोकळा तापून बंद पडला. कप्तानाने शांतपणे सांगितलं, पुन्हा असं झालं तर जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊ.

म्हणून नवा हवा होता. खांद्यावर पेलणारा, गेम पेलणारा, दगा न देणारा आणि तिच्या दोन वर्षांच्या शिलकीत बसणारा. या चार गोष्टी एकत्र मागणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे रोज येतात. मी त्यांना सांगतो, चारातल्या तीन निवडा.

एका शनिवारी मी दुकान बंद करून घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर मामा आणि भाची डोक्याला डोकं लावून बसलेली. मध्ये कागद. नऊ मॉडेलं, सात रकाने, हिरवे-लाल रंग.

"या भावजी," मामा म्हणाला. "आम्ही वजन बघतोय. चार्जरसकट धरलंय हं. चार्जर घरी ठेवून कोण जातं?"

मी हात धुवायला गेलो. गिऱ्हाइकांना हेच मी कित्येक वर्षं सांगत आलोय.

"आणि गरम हवा मागून बाहेर पडली पाहिजे," तो पुढे म्हणाला. "उजवीकडून आली तर माऊसचा हात भाजतो. रॅम नंतर वाढवता आली पाहिजे. म्हणजे आता थोडक्यात भागेल."

सगळं बरोबर होतं. तेच तर जास्त झोंबत होतं. तो चुकला असता तर मी मोठ्या मनाने समजावून सांगितलं असतं.

"कुठल्या वेबसाइटवर वाचलंस एवढं?" मी विचारलं.

मामाने मुलीकडे पाहिलं. मुलीने मामाकडे पाहिलं. दोघंही हसली.

"आहे एक जुनी," तो म्हणाला.

त्या हसण्यात मला जागा नव्हती. मी जेवून, ताट धुऊन आत गेलो, तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या आठवड्यात खरेदीला निघालो. मला बरोबर घेतलं, कारण स्कूटरवर तिघं मावत नाहीत आणि गाडी माझी आहे. निदान मी तरी तसंच समजलो. यादीत आता दोनच नावं उरली होती. दुकानदाराने दोन्ही काचेवर मांडली. एक जाडजूड, काळं, प्लास्टिकचं, दिसायला अगदी बोजड. दुसरं सडपातळ, राखाडी धातूचं झाकण, चार्जरसकट पावणेदोन किलोच्या आसपास. मुलीने दुसरं हातात घेतलं आणि तिचा चेहराच बदलला. इतकी वर्षं ठोकळा वाहिलेल्या खांद्याला काय वाटलं असेल ते मला दिसलं.

मी ते यंत्र ओळखत होतो. झाकणाच्या बिजागरीचे स्क्रू धातूत नाहीत, प्लास्टिकच्या इवल्या इवल्या खुंट्यांत बसवलेले. त्यात बिजागरी कडक. झाकण उघडताना सगळा ताण त्या खुंट्यांवर येतो आणि पाच-सहा महिन्यांत त्या उखडतात. वर्षभरात दहा-बारा तरी आली होती. तिने ते काचेवर ठेवल्यावर मी एक बोट झाकणाखाली घालून उचललं. चांगल्या यंत्राचा तळ टेबलावर राहतो. याचा तळ झाकणाबरोबर वर आला.

"भावजी, तुम्ही बघा ना एकदा नीट," मामा म्हणाला.

"मी कशाला? यादी तुझी."

"बाबा, सांगा ना," मुलगी म्हणाली. यंत्र तिने पुन्हा उचलून छातीशी धरलं होतं. "घेऊ का हे?"

फक्त एक वाक्य बोलायचं होतं. नको, ते काळं घे. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण महिनाभर ती कागद घेऊन त्याच्याकडे जात होती आणि माझी पाळी आली ती दुकानदाराच्या काचेपाशी, पिशवी धरायला आल्यावर.

"मामाला विचार की," मी म्हणालो. "आहे ना तो."

तिने यंत्र दुकानदाराकडे सरकवलं. मग "बरं" म्हणाली आणि पैसे भरायला गेली.

त्यानंतरचे महिने माझ्यासाठी वाईट गेले, कारण ते तिच्यासाठी चांगले गेले. राखाडी यंत्र तापत नव्हतं, अडत नव्हतं. तिची पाचवी जागा पक्की झाली. दोन स्पर्धांत संघ वर आला. प्रत्येक वेळी पहिला फोन मामाला. "माझ्या भावाने अगदी पारखून दिला," असं बायको शेजारणीला सांगायची आणि मी पेपरात डोकं खुपसायचो. पारखून! माझ्या घरात, माझ्या धंद्यात, पारखणारा तो.

चौथ्या महिन्यात एकदा ती लॅपटॉप उघडताना मी बारीकशी करकर ऐकली. तिला ऐकू आली नाही. मला आली. तेव्हाच यंत्र घेऊन बिजागरीची नटं थोडी सैल केली असती तर दहा मिनिटांत काम झालं असतं. मी नाही केलं. मला ते मोडायला हवं होतं, मामाच्या यादीतलं, मामाच्या डोळ्यांदेखत. असं वाटणारा बाप मी आहे हे मला त्याही वेळी कळत होतं.

मोठी स्पर्धा शनिवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी दुपारी मी एका यंत्राच्या पंख्यामागची धूळ ब्रशने काढत होतो. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्या मागे मुलगी. ती काउंटरच्या आत आली नाही, रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिने पिशवीतून लॅपटॉप काढून काउंटरवर ठेवला. झाकणाची उजवी बाजू उचकटून वर आली होती आणि फटीतून वायर दिसत होती.

"सकाळी उघडला तेव्हा कडकन आवाज आला," ती म्हणाली. "शनिवारी सकाळी आठची बस आहे."

मी यंत्र उलटं केलं. स्क्रू काढून माझ्या सात कप्प्यांच्या गोळ्यांच्या डबीत टाकू लागलो. इतके महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, आणि मला काडीचाही आनंद होत नव्हता. तरी तोंडातून निघालंच.

"काय म्हणतो मग तुझा सल्लागार?"

"कोण सल्लागार?"

"मामा. यादी त्याची ना?"

"मामाला काय कळतंय लॅपटॉपमधलं?" ती म्हणाली. "त्याला तक्ता करता येतो, एवढंच. यादी तुमच्या वहीतली आहे."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"सोमवारी माझी सुट्टी असते. तुम्ही सुटे भाग आणायला जाता तेव्हा मी इथे बसते ना. शेवटच्या चार वह्या उतरवून काढल्या. सहाशेच्या वर नोंदी. कुठलं मॉडेल किती वेळा आलं, कशाने आलं. चार्जरचं, गरम हवेचं, रॅमचं, ते तुम्ही समासात लिहिलेलं. हे राखाडी त्यात एकदाही नव्हतं, बाबा. एकदाही नाही. म्हणून तर घेतलं."

नसणारच. बिजागरीचं काम मी उभ्या उभ्या करतो. गिऱ्हाईक काउंटरपाशी थांबतं, मी नटं सैल करतो किंवा खुंटीवर लगेच सुकणारा गोंद लावून देतो. यंत्र दुकानात मुक्कामाला राहिलं तरच वहीत जातं. दहा-बारा येऊन गेली आणि एकाचीही नोंद नाही.

"अशी दहा-बारा येऊन गेली. बिजागरीची नोंद मी करत नाही," मी म्हणालो. "किरकोळ काम म्हणून." मग विचारलं, "सरळ मला का नाही विचारलंस?"

"हेडफोनचं विचारलं होतं. पाऊण तास ओरडलात आणि शेवटी म्हणालात, कर काय करायचं ते. वही ओरडत नाही."

मागे कुणीतरी गिऱ्हाईक आलं. मी त्याला उद्या या म्हणून सांगितलं. ते जाईपर्यंत ती थांबली.

"आणि विचारलं नाही असं नाही," ती म्हणाली. "दुकानात विचारलं होतं. तुम्ही बोटाने झाकण उचललंत. तळ वर आला होता, मी बघत होते. तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"मग?"

"तू मामाला विचारत होतीस." हे बोलताना माझाच आवाज मला तिसरीतल्या पोराचा वाटला.

ती चिडली असती तर मी चिडलो असतो. आम्हाला दोघांना ते चांगलं जमतं. ती नुसती म्हणाली, "दोन वर्षं साठवले होते मी," आणि दवाखान्यात परत गेली.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. चारही खुंट्या गेल्या होत्या. आतली जागा खरवडून साफ केली, पत्र्याची छोटी पट्टी कापून बसवली, दोन भागांचा गोंद मिसळून भरला, वर चिमटे लावले. हा गोंद चोवीस तास हलू द्यायचा नसतो. तोवर दोन्ही बिजागऱ्यांची नटं मापाने सैल केली. त्या दिवशी दुसरं काहीही केलं नाही. मधूनमधून जाऊन चिमटे बघायचो. सुकलंय का ते बघायला बोट लावायचा मोह होत होता, तो आवरला.

शुक्रवारी संध्याकाळी ती आली. मी चिमटे काढले, स्क्रू परत लावले, यंत्र तिच्यासमोर ठेवलं. तिने एक बोट झाकणाखाली घातलं, अगदी माझ्यासारखं, आणि उचललं. झाकण वर गेलं. तळ काउंटरवर राहिला. तिने चार वेळा तेच केलं.

"टिकेल?"

"हे टिकेल."

पिशवीत भरता भरता ती थांबली. "नोंद?"

हे यंत्र एक रात्र मुक्कामाला होतं, तेव्हा नोंद करायलाच हवी होती. मी वही ओढली. तारीख लिहिली, मॉडेल लिहिलं. बिघाड: उजवी बिजागरी उखडली. कारणाच्या रकान्यात लिहायला लागलो, प्लास्टिकच्या खुंट्या कमजोर.

ती वाकून उलटं वाचत होती. "हे त्या दहा-बारांचं कारण झालं," ती म्हणाली. "याचं लिहा."

मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. मी लिहिलेलं खोडलं. रकाना लहान होता, अक्षर बारीक काढावं लागलं. घेण्याआधी विचारलं होतं, दोष माहीत होता, हेव्यापोटी सांगितला नाही.

तिने वाचलं. मोबाइल काढला आणि फोटो घ्यायला लागली.

"हे कशाला?"

"मामाला पाठवते. तक्त्यात भरेल तो. पुढच्या वेळी कुणी हे मॉडेल घ्यायला गेलं तर कळायला हवं."

मामाने ते वाचावं, याहून नकोशी गोष्ट त्या क्षणी मला जगात दुसरी नव्हती. फोटो हलला. पान आपोआप मिटत होतं.

"बाबा, वही सरळ धरा ना जरा," ती म्हणाली.

मी दोन्ही हातांनी धरली.