काड्यांची बाटली

तिला घरी आणि कामाच्या जागी सगळे भिंगरीच म्हणत. नाव आत्याने ठेवलेलं. एकदा आत्याचा फोन प्रयोगशाळेत तिच्या मार्गदर्शक बाईंनी उचलला आणि "आमची भिंगरी आहे का तिथे?" हे ऐकलं, तेव्हापासून तिथेही तेच रूढ झालं. बसल्या जागी पाय हलवायचे, चहा उभ्यानेच प्यायचा आणि काहीही शिजत, वाळत किंवा तापत असलं की सारखं त्यात डोकवायचं, हा तिचा स्वभाव. या आठवड्यात तर तिचा पाय एका जागी ठरत नव्हता.

कारण होत्या काड्या. वाळूत जी सिलिका असते, तिचे अतिसूक्ष्म कण रसायनांतून घडवले की ते बहुधा गोल होतात. भिंगरीने त्यांच्या काड्या केल्या होत्या. तेलकटशा अल्कोहोलमध्ये पाण्याचे डोळ्यांना न दिसणारे थेंब करायचे, त्यात चिमूटभर क्षार, थोडा अमोनिया, आणि शेवटी सिलिका देणारा द्रव. सिलिका थेंबात शिरते आणि त्याच्या एका बाजूला बसत जाते. थेंब पुढे सरकतो, मागे काडी लांबत राहते. थेंब टोकाला धरून राहिला तरच हे जमतं. सुटला की काडी तिथेच खुंटते.

लेख छापून आला. वर बाईंचं नाव, खाली तिचं. मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेने कळवलं की तुमच्या कृतीने आमच्याकडे नुसते गोळे आणि तुकडे येतात. तुमच्या काड्या म्हणजे एकमेकांना चिकटलेले गोळे नसतील कशावरून? त्या वाढताना दाखवा.

"शुक्रवार सकाळपर्यंत मायक्रोस्कोप आपल्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "तोवर दाखवता आलं तर ठीक. नाहीतर संध्याकाळी लेख मागे घेतल्याचं पत्र मी पाठवणार."

"बाई, पण आपण खोटं नाही लिहिलेलं!"

"माहितीये. पण जे आपल्यालाच पुन्हा जमत नाही, ते लोकांनी का मानायचं?"

बाईंनी आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

भिंगरीने पुन्हा मिश्रण केलं. नव्या मिश्रणातून दर तासाला नमुना काढला, म्हणजे काडी कशी लांबत गेली ते ओळीने दाखवता येईल. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवणारे काका पडद्याकडे बघून म्हणाले, "छर्रे."

अमोनिया बदलला. काका म्हणाले, "छर्रे. मध्ये एखादा काडीचा तुकडा, तोही बिचारा लाजतोय."

अल्कोहोलची नवी बाटली फोडली. काकांनी नुसती मान हलवली.

बुधवारी दुपारी ती बाईंच्या खोलीत येरझाऱ्या घालत होती. "सगळं तेच आहे. तीच मापं, तेच तापमान, ढवळायचं नाही म्हणजे नाही. मी चमचासुद्धा घालत नाही."

"आधी बस," बाई म्हणाल्या. "चक्कर येतेय मला. आता सांग, नमुना कसा काढतेस?"

"ड्रॉपरने."

"सरळ?"

"नाही, आधी बाटली जरा गोल फिरवते. वरचं-खालचं एकसारखं व्हायला नको का? तुम्हीच शिकवलंय पहिल्या वर्षी."

"हो, मीच." बाईंनी चष्मा काढला. "आणि ज्या बाटलीत पहिल्यांदा काड्या आल्या, तिच्यातून किती नमुने काढलेस?"

भिंगरीने तो दिवस आठवला. त्या दिवशी आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मिश्रण फळीवर ठेवून ती दवाखान्यात धावली होती आणि दुसऱ्या दिवशी उगवली होती.

"एकही नाही," ती म्हणाली.

नमुना घेण्याआधी बाटली हलवायची ही इतकी अंगवळणी पडलेली रीत, की तिला कोणी ढवळणं म्हणतच नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या लोकांनीही हेच केलं असणार. काड्या वाढतात का हे तपासता तपासता दोन्हीकडच्यांनी त्यांच्या टोकांवरचे थेंब उडवले होते.

गुरुवारी सकाळी तिने एकच मिश्रण करून ते लगेच लहान लहान बाटल्यांत वाटला आणि बाटल्या फळीवर ओळीने मांडल्या. एक बाटली एकदाच उघडायची. तिच्यातला नमुना घेतला की तिचं काम संपलं. बाकीच्यांना हात लावायचा नाही. शेवटची बाटली शुक्रवारी सकाळी.

ठरवणं सोपं होतं. पहिल्या बाटल्या वेळेवर उघडल्या. वाढ तिथेच थांबावी म्हणून नमुने धुऊन ठेवले. मधल्या वेळात हात शिवशिवू लागले म्हणून तिने सगळी काचेची भांडी पुन्हा घासली.

दुपारी शेजारच्या गटातल्या एकाने नायट्रोजनचं सिलिंडर ढकलत आणलं. गाडीचं चाक तिरकं गेलं आणि सिलिंडर धाडकन फळीच्या खांबावर आदळलं. उरलेल्या बाटल्या किणकिणल्या.

"अरे, डोळे काय कपाटात ठेवलेस?" ती ओरडली.

"सॉरी सॉरी! काही फुटलं नाही ना?"

फुटलं नव्हतं. पण आत काय झालं? थेंब सुटले की टिकले? बाटली उजेडाकडे धरून गढूळपणा बघितला तर अंदाज आला असता. तिने हात पुढे केला. बोटं काचेपासून वीतभर अंतरावर थांबली. बघायचं म्हणजे उचलायचं, आणि उचललं की जे टिकलं असेल तेही जाणार.

तिने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले.

"घरी जा," दारातून बाई म्हणाल्या. "तू इथे असलीस की फळीच काय, भिंतही हलते."

घरी आत्या म्हणाली, "अगं, किती वेळा ते दार उघडून बघशील? कोण यायचंय?"

"कोणी नाही."

"मग बस इथे आणि या शेंगा सोल. माझ्या डोळ्याला पट्टी होती तेव्हाही अशीच. दर घटकेला विचारायचीस, आत्या, दिसतंय का? पट्टी काढल्याशिवाय कसं गं दिसणार?"

भिंगरीने शेंगा सोलल्या. अर्धे दाणे टरफलांच्या ताटलीत गेले.

शुक्रवारी काकांनी आधी सुरुवातीच्या बाटल्यांचे नमुने लावले. इवले खुंट. मग थोडे लांब. ती खुर्चीमागे उभी राहून त्यांच्या मानेवर श्वास सोडत होती.

"पोरी, लांब हो. मला घाम फुटतोय."

शेवटचा नमुना लागला. पडदा आधी राखाडी, मग स्पष्ट झाला. काड्या. पडदाभर काड्या. पण प्रत्येक काडी साधारण एकाच लांबीवर किंचित वाकलेली होती, आणि तिथून पुढे पुन्हा सरळ.

"वाकड्या आल्या की," काका हळहळले.

भिंगरी पडद्याजवळ वाकली. मग तिने एका काडीवरून दुसरीवर, तिसरीवर नजर फिरवली. बाक सगळीकडे तिथेच.

"सिलिंडर!" ती इतक्या जोरात म्हणाली की काकांचा हात बटणावरून सुटला. "धक्का बसला तेव्हा त्या एवढ्या लांब होत्या. थेंब सुटला नाही, नुसता सरकला, आणि काडी वाढतच राहिली! चिकटलेल्या गोळ्यांना सगळ्यांना एकाच जागी बाक कसा येईल?"

मागे उभ्या असलेल्या बाई पडद्याजवळ आल्या. "मागे घ्यायचं पत्र राहू दे," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती पाठवू. नमुना घेण्याबद्दलचं सगळं स्पष्ट लिही. हे चित्र पाठव, धक्क्यासकट." मग त्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेला फोन लावला, चार शब्द बोलल्या आणि तो तिच्या हातात दिला.

पलीकडचा माणूस थकलेला वाटत होता. "मॅडम, आम्ही तुमच्या लेखातली ओळ न् ओळ पाळली."

"हो. त्यातच एक ओळ कमी होती," भिंगरी म्हणाली. "बाटली भरलीत की हात लावू नका."

"सकाळपर्यंत?"

"सकाळपर्यंत."

"मध्ये एकदा, अगदी हळूच, बघितलं तर?"

तिला त्याची दया आली.

"त्यापेक्षा दुसऱ्या गावाला जाऊन या," ती म्हणाली.