धुण्याचा दगड

बस चालवायची नोकरी संपली आणि बाळ्याने मागच्या दारापासून नळापर्यंत फरसबंदी वाट करायला घेतली. साठी उलटली तरी थोरल्या बहिणीसाठी तो बाळ्याच होता. मदतीला म्हणून आलेली ताई आल्या आल्या मुकादम झाली. ती खडूने रेघ मारायची, बाळ्या कटरने त्यावर खाच पाडायचा आणि छिन्नी लावून नको तो भाग उडवायचा. धुळीने दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या. केसांना आता काय फरक पडणार, म्हणून ताई हसत सुटली.

वाट नळाजवळ आली आणि काम अडलं. तिथे आईचा धुण्याचा दगड होता. आई जाऊन वर्षं लोटली, पण दगड कुणी हलवला नव्हता. बाळ्या म्हणाला, वाट वळवून घेऊ. ताई त्या दगडावर टेकली.

याच दगडावर आई दोघांना बसवून खसाखसा घासायची. साबण डोळ्यांत गेला की बाळ्या भोकाड पसरायचा. आई कपडे आपटायची तो आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचा. आज तिचा पारा चढलाय का, हे शाळेतून येतानाच त्या आवाजावरून दोघांना कळायचं.

"काप," ताई म्हणाली.

"ताई, आईचा दगड आहे."

"लग्नातली साडी फाडून तिने तुझी दुपटी शिवली. कुणाला विचारलं होतं?"

बाळ्याने खाच पाडली, पण घाव घालायला हात उचलेना. मग ताईनेच हातोडा घेतला. तिसऱ्या घावाला दगड वेडावाकडा दुभंगला. वरून झिजून गुळगुळीत झालेला तो दगड आतून नवाकोरा, काळाभोर निघाला. बाळ्या मटकन खाली बसला आणि रडला. ताईने त्याला रडू दिलं, मग पदराने त्याचं तोंड पुसलं. पदरही धुळीचाच होता.

मोठा तुकडा त्यांनी नळापाशी बसवला, गुळगुळीत बाजू वर ठेवून. ताईने चप्पल काढून त्यावर पाय ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

लहान तुकडा ती आपल्या घरी घेऊन गेली. पायरीशी लावते म्हणाली. रिक्षात चढवताना बाळ्याची कंबर धरली, तरी तो तुकडा त्याने रिक्षावाल्याला उचलू दिला नाही.