एकाच घरातून आलेली मतं

जोतिराम गेले आणि वडगावच्या त्या घरी काही दिवस माणसं येत-जात राहिली. वर्दळ थांबल्यावर त्यांच्या लेकीनं, सुवर्णानं, त्यांचा फोन उघडला. 'ताणाबाणा' नावाच्या चर्चेच्या संकेतस्थळावर आप्पा वर्षानुवर्षं साड्या विणायच्या मागाविषयी लिहीत होते. ते तिला एकदा सलग वाचायचं होतं. पण तिथं त्यांच्या नावाखाली एकच तांबडी ओळ होती: 'खोट्या मतांमुळे या सदस्याचं लेखन झाकलं आहे.'

आप्पांनी ती वाचली होती की नाही, कळायला मार्ग नव्हता. शेवटी शेवटी ते दवाखान्यातच होते.

तिनं संपादकांना लिहिलं. तेजस्वी नावाच्या बाईंचं उत्तर सभ्य होतं. एकाच वायफायवरून बरीच खाती जोतिराम यांच्या प्रत्येक प्रतिसादावर मत देत होती. एकच माणूस अनेक नावांनी स्वतःला वर चढवतो, तेव्हा असंच दिसतं. नियम सगळ्यांना सारखा आहे.

नियमात वावगं काही नव्हतं, हेच सुवर्णाला जास्त टोचलं. तिनंही हाच नियम केला असता. करणाऱ्याला ही गल्ली ठाऊक नव्हती, एवढंच. इथं माग चालू असले की फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून गल्ली एकमेकांशी लिहून बोलते. आणि वायफाय होतं एका आप्पांच्याच घरी. विहिरीवर यावं तशी माणसं त्यावर यायची. जेवायला माग थांबले की त्यांच्या कट्ट्यावर बसून त्यांचं नवं लिहिलेलं वाचायची आणि तिथंच आपापल्या खात्यावरून मताचा बाण दाबायची.

पण हे सिद्ध कसं करायचं?

समोरचे आण्णाप्पा चौकशीला आले, तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं.

"म्हंजे जोतिराम लबाड, असं म्हणत्यात व्हय?"

"तसंच लिहिलंय, काका."

"लबाड असता तर माझं मत कशाला घेतलं असतं त्यानं?"

"का? तुमचं कसलं मत?"

आण्णाप्पा जरा अवघडले. "खालचा बाण, नापसंतीचा. दर बारीला. रेशमाच्या काठाशिवाय साडीच न्हाय म्हणायचा. मग माझ्या मागावर काय गोणपाट निघतंय? लई राग यायचा, बग. त्याच्याच कट्ट्यावर बसून, त्याचाच चहा पीत दाबायचो, अन् खाली लिहून भांडायचोबी."

"आप्पांना ठाऊक होतं?"

"कसं दाबायचं ते त्यानंच दावलं की मला."

सुवर्णाला हसू आलं आणि ते लवकर थांबेना. आण्णाप्पांनी भिंतीकडं बघत ते संपू दिलं.

तिनं पुन्हा लिहिलं: 'ही मतं कुठून आली एवढंच तुम्ही पाहिलंत. ती कोणत्या बाजूची आहेत, तेही पाहा. स्वतःच्या घरातून स्वतःविरुद्ध इतकी वर्षं कोण मत देईल?'

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तेजस्वी यांनी खालचे बाण पाहिले होते, त्याखालची भांडणंही वाचली होती. 'दोन माणसांशिवाय असं भांडण होत नाही,' असं त्यांनी लिहिलं होतं. ती तांबडी ओळ काढून लेखन पुन्हा उघडलं होतं, क्षमाही मागितली होती. यापुढे कुणाचं लेखन झाकण्याआधी माणूस नजर टाकील, केवळ यंत्र नाही, असंही कळवलं होतं.

सुवर्णानं फोन मांडीवर ठेवला. छातीवरचा दगड कुणीतरी अलगद उतरवून घेतल्यासारखं तिला वाटलं. मग ती आण्णाप्पांना हाक मारायला गेली.

"आता माझे बाण काढून टाकू का गं?" त्यांनी विचारलं. "गेलेल्या माणसासंगं भांडण बरं दिसत न्हाय."

"राहू द्या, काका. त्या बाणांमुळंच तर सुटले आप्पा."

ती कट्ट्यावर बसली आणि आप्पांचा रेशमी काठावरचा प्रतिसाद मोठ्यानं वाचू लागली. आण्णाप्पांनी मान हलवत शेवटपर्यंत ऐकला.

"चुकीचं हाय हे त्याचं," ते म्हणाले. आणि तिच्या शेजारी बसत म्हणाले, "पुढचं वाच."