पिवळ्या भागाचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. नगररचना कार्यालयाच्या भिंतीवर मी चाळीस वर्षे टांगलेला होतो. एका आरेखकाने डोळ्यांत तेल घालून मला काढले आणि कुंचल्याने रंगवले. लाल भागात दुकाने, निळ्या भागात कारखाने आणि पिवळ्या भागात एका प्लॉटवर एकच घर. येणारेजाणारे माझे कौतुक करत आणि मीही फुशारून जाई. खोटे कशाला बोलू!

पुढे शहर वाढले, घरे मात्र पुरेनात. लोक अर्ज घेऊन येत. कारकून माझ्या पिवळ्या भागावर बोट ठेवी आणि अर्ज परत करी. त्या बोटाने माझा कागद तिथे पार झिजला.

एकदा एक म्हातारे शिंपीमामा आपल्या भाचीला घेऊन आले. ती त्यांच्या गल्लीतल्याच इस्पितळात परिचारिका होती, पण घर मिळाले होते दोन तासांवर. मामांना मागच्या अंगणात तिच्यासाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या.

"मी घरी पोचते तेव्हा माझी मुलगी झोपलेली असते हो," ती म्हणाली.

"कळतंय मला, ताई. पण पिवळ्यात दुसरं घर बसत नाही," कारकून म्हणाला. मला तेव्हा माझ्याच रंगाची लाज वाटली.

मामा हट्टाला पेटले. त्यांनी गल्लीभर फिरून सह्या गोळा केल्या आणि नियमावर जाहीर सुनावणी लागली, तीही कार्यालयात माझ्यासमोरच.

"आधीच्या लोकांनी विचार करूनच रंग दिला असेल ना?" एका शेजाऱ्याने विचारले.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून माझे आरेखक उठले. आता ते पार थकले होते.

"कसला विचार! तेव्हा तिथं नुसतं गवत होतं. साहेब म्हणाले, सध्या काहीतरी भर, माणसं आली की बघू. वाटीत पिवळा उरला होता, तोच फासला मी. बघायचं राहूनच गेलं."

सगळे पोट धरून हसले, शेजारीसुद्धा. चार महिन्यांनी नियम बदलला आणि पिवळ्या भागात एका प्लॉटवर तीन घरांपर्यंत परवानगी मिळाली.

मला उतरवून कपाटात ठेवले. वाईट वाटले, पण कपाटाचे दार नीट लागत नाही, म्हणून बाहेरचे ऐकू येते. परवा परिचारिका कारकुनाला सांगत होती, "काल मुलगी जेवायची थांबली होती माझ्यासाठी!"

मित्रांनो, मला वाळवीपासून जरूर जपा. पण माझ्याकडे बोट दाखवून कुणाला 'नाही' म्हणण्याआधी मला काखोटीला मारा आणि त्या माणसाच्या गल्लीतून एकदा चालून या.