शनिवारची प्रयोगशाळा

आपली बायको दया गेल्याचं गिदोनला कळलं तेव्हा तो त्याच्या वेल्डिंगच्या दुकानात एका फाटकाला बिजागरी जोडत होता. फोन तिच्याच नंबरवरून आला, म्हणून त्याने उचलताच विचारलं, "निघालीस का?" पलीकडून कुणी पुरुष बोलला. "तुम्ही अमोलिक मॅडमचे कोण?"

नगरला मुख्याध्यापकांची सभा होती. दया बोलायला उभी राहिली, बोलली, खाली बसताना कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला होता. गिदोनने फोन खिशात ठेवला आणि ती बिजागरी पूर्ण जोडली. हातातलं काम टाकून आता कुठे जायचं, हेच त्याला कळेना.

ती कशावर बोलत होती ते पुढे मातीच्या दिवशी तिच्या शाळेतल्या भागवत सरांनी सांगितलं. "शनिवारच्या प्रयोगशाळेवर. दुसरं काय बोलणार मॅडम."

श्रीरामपूरच्या बाहेर एका गावात दयाचं हायस्कूल होतं. ती मुख्याध्यापिका होऊन गेली तेव्हा तिथली प्रयोगशाळा कुलपात होती. परीक्षानळ्या कपाटात कोऱ्या. फुटल्या तर भरून कोण देणार, या धाकाने कुणी कपाट उघडत नसे. शिक्षक फळ्यावर प्रयोग काढायचे आणि पोरं कृती, निरीक्षण, अनुमान असं सगळं वहीत उतरवून घ्यायची. काही न बघता निरीक्षण लिहिणारी पोरं, असं दया म्हणायची आणि जेवता जेवता तिचा घास हातात राहायचा.

तिने शनिवारी शाळा सुटल्यावर खोली उघडायला सुरुवात केली. पोरांनी घरचा, रानातला प्रश्न आणायचा आणि उत्तर स्वतः शोधायचं. शिक्षकाने हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. "तुमचा हात लागला की प्रयोग तुमचा झाला," ती सांगायची. शिक्षक कुरकुरले. पोरांनी नळ्या फोडल्या, एकाने टेबल जाळलं. पण पोरं यायची.

दयानंतर भागवत सर प्रभारी मुख्याध्यापक झाले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं तसं त्यांनी गिदोनला बोलावून घेतलं.

"मॅडमच्या नावाने मोठा प्रकल्प पाठवतोय," ते म्हणाले. "धरण, वीजनिर्मिती, दिवे लागतात. नगरला तयार मिळतो. खाली पाटी, कै. दया अमोलिक यांच्या स्मरणार्थ."

"कै. नका लिहू, सर. आमच्यात ख्रिस्तवासी म्हणतात."

"बरं झालं सांगितलंत. बदलतो."

"पाटी बदलाल. पण तयार धरण आणायचं आणि पोरांनी त्यापुढं पाठ केलेलं म्हणायचं, याच्याशी ती जन्मभर भांडली. नववीच्या मुलींचं काय झालं? डाळीचं?"

निकिता खरात आणि तिच्या दोन मैत्रिणींचा तो प्रश्न होता. वस्तीवर बोअरच्या मचूळ पाण्यात तूरडाळ शिजता शिजत नाही, पाटाच्या पाण्यात लवकर शिजते, ते का? मुली बोअरचं, विहिरीचं आणि पाटाचं पाणी आणून त्यांत डाळ शिजवत होत्या. दया त्यांच्याविषयी बोलायला लागली की थांबत नसे.

"अमोलिक, डाळ शिजवणं हा काय प्रयोग? परीक्षक म्हणतील, वरण वाढा."

"म्हणू द्या."

भागवत सरांनी बराच वेळ चष्मा पुसला. "ठीक आहे. मुली जाऊ देत. पण स्पष्ट सांगतो. नंबर आला तर शनिवार चालू ठेवतो. नाही आला तर त्या खोलीत दहावीचे जादा तास. पालक माझ्या डोक्यावर बसलेत."

गिदोन पडत्या फळाची आज्ञा घेऊन उठला. शनिवार टिकला तर दयाचं काही तरी टिकेल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मुलींचं सामान बघून त्याचा जीव खाली-वर झाला. तीन तऱ्हांची काळी पातेली, एकाचा कान तुटलेला. त्याने दुकानात तीन शेगड्यांचा लोखंडी स्टँड बनवला, निळा रंग दिला, एकसारखी स्टीलची पातेली आणली.

निकिता स्टँडभोवती फिरली. "लई भारी झालंय, काका. पन मॅडम म्हनायच्या, आपलं आपन करायचं."

"करा की तुम्हीच. मी नुसता हमाल."

"हमाल एवढा रंग लावतो व्हय?"

मुली हसल्या. गिदोनही हसला, दया गेल्यापासून बहुतेक पहिल्यांदा.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी डाळीची पिशवी त्याच्याकडे होती. परीक्षक स्टॉलवर फार थांबत नाहीत, हे त्याने ऐकलं होतं. ते येतील तेव्हा डाळ कच्चीच असली तर? दया गेल्यावर तो स्वतः रांधायला लागला होता, आणि शेजारच्या नॅन्सीबाईंनी त्याला पहिली गोष्ट शिकवली होती, डाळ आधी भिजवावी, नाहीतर गॅस जळत बसतो. रोज तो तेच करत होता. त्याच हाताने त्याने मुलींची डाळ घरच्या नळाच्या पाण्यात भिजत घातली. मुलींना विचारायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

सकाळी डबा उघडून निकिता थबकली. "काका, तुमी भिजवली?"

"लवकर शिजेल. परीक्षकांना वेळ नसतो."

 दुसरी डाळ आणायला वेळ नव्हता. तिने तिन्ही प्रकारचं पाणी मोजून ओतलं, डाळ वाटून टाकली आणि शेगड्या पेटवल्या.

परीक्षक आले तेव्हा तिन्ही पातेल्यांत डाळ शिजून मऊ झाली होती. सारखीच. परीक्षकांनी चमच्याने दाबून बघितलं.

"फरक कुठे आहे, बाळा?"

"हितं दिसत न्हाई, सर. वस्तीवर दिसतो. आमी लई वेळा केलंय." निकिता पातेल्याकडे बघत बोलली. "आज डाळ भिजवलेली हुती. गोड्या पान्यात. मला वाटतं, एकदा गोडं पानी पिऊन बसली की मागनं मचूळ घातलं तरी तिला काई होत न्हाई. पन ते परत करून बघावं लागंल. कोरडी येगळी, भिजवलेली येगळी."

गिदोनने भागवत सरांकडे बघितलं. तिने तिथल्या तिथे नवा प्रश्न काढला होता. दया असती तर उभी राहिली असती. पण परीक्षकांनी कागदावर काही खरडलं, "तयारी कमी पडली," म्हणाले आणि पुढच्या स्टॉलवर गेले. तिथे एक मुलगा फिरत्या ग्रहमालेपुढे डोळे मिटून पाठ म्हणत होता. पहिला नंबर त्याचाच आला.

"म्हणून म्हणत होतो," परतीच्या टेम्पोत भागवत सर म्हणाले. "धरण नेलं असतं तर."

"चूक मुलींची नाही, सर. डाळ मी भिजवली. मुलींना न विचारता मला तिथं हात घालायला कुणी सांगितलं होतं? शनिवार माझ्यामुळे बंद करू नका."

"कुणामुळे का होईना, नंबर गेला. बोललो होतो मी."

"तिने आत्ता जे विचारलं ते ऐकलंत ना तुम्ही? ते कुठल्या पुस्तकात होतं?"

"ऐकलं. हुशार आहे पोरगी. पण हुशारीला गुण कोण देतं?"

 गिदोनला सरांचा राग होता, परीक्षकांचा होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या हातांचा होता. दयाने इतकी वर्षं मास्तरांना जे शिकवलं ते घरात रोज ऐकूनही त्याला एकदा जमलं नाही.

सोमवारी निकिता दुकानात आली. "काका, सर खोली देत न्हाईत. वस्तीवर आई म्हनती, गॅस फुकाचा न्हाई."

"इथं करा. शेगड्या आहेत."

"हितं सारखं येऊ देत न्हाईत घरचे. येस्टी संध्याकाळची एकच हाय." ती निघून गेली.

त्यानंतर गिदोन दोनदा भागवत सरांना भेटला, संस्थेच्या अध्यक्षांच्या नगरला सावेडीतल्या घरीही जाऊन आला. चहा मिळाला. अध्यक्ष म्हणाले, मॅडमचं काम फार मोठं होतं, आपण त्यांचा फोटो लावू. फोटो लागला, शाळेच्या दारात.

शनिवारी त्या खोलीत दहावीचे जादा तास चालतात. निकिता आता दहावीत जाईल आणि त्याच खोलीत बसून प्रयोगाची निरीक्षणं उतरवून घेईल. कोरडी आणि भिजवलेली डाळ तिन्ही पाण्यांत शिजवून बघणं अजून झालेलं नाही.