ठोकळेकाकांचा आकडा

“सोळा? फक्त सोळा?” साइट इंजिनिअरचा आवाज चिरकला. “सातव्या दिवशी निदान वीस तरी हवेत. आता खांब पाडायची पाळी!”

“पाडू नका,” ठोकळेकाका शांतपणे म्हणाले. “सिमेंटात राख आहे, वर गारठा. उशिरा जोर धरणार. लागतात तीस ना? अठ्ठाविसाव्या दिवशी एकतीस येतील.”

इमारतीत ओततात त्याच काँक्रीटचे ठोकळे पाण्यात मुरवायचे आणि ठरल्या दिवशी मशिनखाली चिरडून त्यांची ताकद मोजायची, हे काम बत्तीस वर्षं केल्यावर काकांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं.

“लेखी द्या.”

काकांनी झोकात सही ठोकली. मग बोटं मोजली. अठ्ठाविसावा दिवस निवृत्तीनंतर तिसरा येत होता.

“गॅसवरचं दूध कधी उतू जाईल ते जन्मात कळलं नाही तुम्हाला,” बायको म्हणाली, “आणि खांबांचं भविष्य लिहून देता?”

त्या दिवसापासून काका तासातासाला टाकीत डोकावू लागले. त्यांच्या जागी आलेली मुलगी शेवटी म्हणाली, “काका, ठोकळे आहेत, अंडी नाहीत. उबवू नका.”

निरोप समारंभात साहेबांनी ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलं. काका उठले, खाकरले. “ठोकळे कोरडे पडू देऊ नका,” म्हणाले आणि खाली बसले.

तिसऱ्या दिवशी ते फाटकाशी हजर. पहारेकऱ्याने ओशाळून पाहुण्यांची वही पुढे केली.

“नियम आहे, काका. कुणाला भेटायचंय?”

“ठोकळ्यांना.”

त्याने तसंच लिहिलं.

मुलीने एकेक करून तीन ठोकळे फोडले. काका भिंतीला टेकून उभे, हात पाठीमागे घट्ट बांधलेले. इंजिनिअर मशिनच्या आकड्यावर डोळे लावून. मुलीने सरासरी काढली.

“तीस पूर्णांक चार.”

“वाचलो!” इंजिनिअरने काकांना मिठीच मारली.

“एकतीस म्हणालो होतो,” काका पडेल आवाजात म्हणाले.

इंजिनिअर फोन लावत बाहेर पळाला. काकांनी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि मशिनखालचा चुरा गोळा करू लागले. झाडू घ्यायला मुलगी पुढे झाली, पण थबकली. मग केरभरणी घेऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसली.