काझुएचा मरिंबा आणि मुठीतली फुलं

काझुए ओनिशी लंडनच्या हॅरोमध्ये अलकाताईंच्या डोक्यावर राहायची, म्हणजे वरच्या फ्लॅटमध्ये. आणि मरिंबा वाजवायची. मरिंबा म्हणजे जेवणाच्या टेबलापेक्षा लांब वाद्य. वर ओळीने लाकडी पट्ट्या, खाली नळ्या, आणि वाजवणारीच्या दोन हातांत मिळून चार काठ्या. पहिल्याच महिन्यात अलकाताईंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकून निषेध नोंदवला. वर काझुएला वाटलं, खालची बाई हौसेनं ठेका धरतेय. तिनं त्याच ठेक्यात झकास उत्तर दिलं. अलकाताई चिडायचं विसरल्या, आणि तिथून दोघींचं जमलं.

जपानहून येऊन तिला आठ वर्षं झाली होती. संगीताच्या कॉलेजात सुवर्णपदक मिळालेलं, पण काम म्हणाल तर ऑर्केस्ट्रात सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, दोनशे चौदा मात्रा मोजायच्या आणि ट्रँगल नावाच्या त्रिकोणी सळईवर एकदाच टिंग करायचं. ते ऐकायला अलकाताई एकदा खास बर्मिंगहॅमला गेल्या आणि ऐन टिंगच्या वेळी त्यांना शिंक आली. परतीच्या ट्रेनमध्ये त्या काझुएशी खोटं बोलल्या. छान झालं म्हणाल्या.

मग दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये पिकरिंग नावाच्या बड्या एजंटाने तिला निरोप पाठवला. हा माणूस मनात आणलं तर युरोपभर तिचे एकटीचे कार्यक्रम लावून देणार होता. अट एवढीच, की भरल्या हॉलसमोर वाजव आणि लोक शेवटपर्यंत ऐकतात हे मला दिसू दे. सप्टेंबरातला पहिला रविवार, चार ते पाच. पाचनंतर त्याला बर्मिंगहॅमची ट्रेन गाठायची होती. हे जमलं नाही, तर काझुए ऑक्टोबरात कायमची परत जाणार होती. तिच्या आईने गावातल्या शाळेत नोकरी बघून ठेवली होती.

"हॉल कुठून आणू? आणि माणसं?" काझुए रडवेली झाली.

"माणसं ना? आमच्या मंडळाचा गणपती आहे वॉटफर्डला. दोनशे माणसं देते," अलकाताई म्हणाल्या. मंडळात पंधरा वर्षं काढलेल्या बाईने असलं वचन देऊ नये. पण दिलं खरं.

पत्रिकेवर साडेतीनची वेळ होती, त्यामुळे पावणेचारला हॉलमध्ये फक्त गणपती आणि मसालेभात होता. चारच्या ठोक्याला पिकरिंग आले. कडक सूट, चकचकीत बूट. मंडळाचे अध्यक्ष नंदूभाऊ यांनी एका नजरेत ओळखलं. इतक्या वेळेवर आलेला माणूस आपला असणं शक्य नाही, तेव्हा हे प्रमुख पाहुणे डेप्युटी मेयरच. अलकाताई किचनमधून बाहेर येईपर्यंत पिकरिंग स्टेजवर होते. डोक्यावर पुणेरी पगडी, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ.

"नंदूभाऊ, अहो, हे मेयर नाहीत!"

"वहिनी, प्लीज, नॉट नाऊ. शाल घालून झालीये. आता काय अंगावरून ओढून घेऊ?"

खरे डेप्युटी मेयर सव्वाचारला आले. त्यांना शेवटच्या रांगेत, चपलांच्या ढिगाशेजारी खुर्ची मिळाली.

तोवर माणसं जमली होती, हॉल भरला होता. दीपप्रज्वलन झालं, बालनृत्य झालं, मग नंदूभाऊ बोलायला उभे राहिले. त्यांनी कार्यकारिणीचे आभार मानले, मग गेल्या वर्षीच्या कार्यकारिणीचे. पिकरिंगनी तीनदा घड्याळ पाहिलं. शेवटी नंदूभाऊंनीही पाहिलं. "टाइम अभावी जपानी आयटम आपण ड्रॉप करतोय. एक छोटी आरती, आणि लगेच महाप्रसाद!"

स्टेजच्या कोपऱ्यात काझुए तीन वाजल्यापासून काठ्या धरून उभी होती. "अलका-सान, माझं कधी?" तिनं हळूच विचारलं. अलकाताईंना तिच्याकडे बघवेना. पोरीची आठ वर्षं आपण नंदूभाऊंच्या ताब्यात दिली, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आरती सुरू झाली. आपल्याकडे छोटी आरती म्हणजे निदान चार आरत्या. त्या संपल्या तेव्हा पाचला पाच कमी होते. मग मंत्रपुष्पांजलीसाठी प्रत्येकाच्या हातात चिमूटभर पाकळ्या आल्या. पिकरिंगच्याही आल्या. लोक मुठी मिटून गप्प उभे राहिले आणि नंदूभाऊ मंत्राच्या पुस्तकासाठी चष्मा शोधू लागले. या खिशात नाही, त्या खिशात नाही.

अलकाताई ते दृश्य बघतच राहिल्या. मुठीत फुलं आली की मंत्र संपेपर्यंत बसायचं नाही, बोलायचं नाही, आणि फुलं वाहिल्याशिवाय जेवणाकडे वळायचं नाही. दोनशे मराठी माणसं एका जागी, एका वेळी, गप्प! हे पुन्हा घडणार नव्हतं.

"वाजव," त्या कुजबुजल्या. "आत्ता!"

मोकळी जागा दिसली की तिथे नेमकं शिरायचं, हेच तर काझुए आठ वर्षं करत आली होती. तिनं काठ्या टेकवल्या. हॉलभर गरम, गोल सूर पसरला. नंदूभाऊंना चष्मा सापडला, त्यांनी तोंड उघडलं.

"नंदूभाऊ, मूठ बंद, तसंच तोंडही बंद!" अलकाताई गुरगुरल्या.

सात मिनिटं ती वाजवत होती. मसालेभाताचा वास हॉलभर फिरत होता, पण कुणी हललं नाही. पहिल्या मिनिटाला लोक मुठींमुळे उभे होते. चौथ्या मिनिटाला मुठी कुणाच्या लक्षातही नव्हत्या. इतकी वर्षं अलकाताईंनी ही धून छतातून धपधप अशीच ऐकली होती. ती एवढी सुंदर असेल हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना रडू आलं आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी सूर बारीक होत होत कधी थांबला ते कळलंही नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुठी मिटलेल्या होत्या ना! काझुएचा चेहरा पडला. तेवढ्यात गुडघेदुखीने बेजार झालेल्या मधुमतीआजी पुढे आल्या. त्यांनी अर्ध्या पाकळ्या गणपतीला वाहिल्या आणि अर्ध्या मरिंबावर. मग सगळ्यांनीच तसं केलं. पट्ट्या फुलांनी झाकून गेल्या आणि काझुए तोंडावर हात धरून हसू लागली.

पाच वाजून गेले होते, ट्रेन गेली होती. पिकरिंग मात्र पगडी भुवयांपर्यंत उतरलेल्या अवस्थेत, मूठ घट्ट मिटून अजून उभे होते. त्यांनी अदबीने अलकाताईंना विचारलं, आता मी फुलं टाकली तर चालेल का?

"आधी तिला हो की नाही ते सांगा," अलकाताई म्हणाल्या. "मग टाका."

पिकरिंगनी मुठीकडे पाहिलं, काझुएकडे पाहिलं, येस म्हणाले आणि मूठ उघडली.